मला लाल दिसत नाही, हे मला 22 वर्षं माहीत नव्हतं

हिरण्यकेशीकाठ

बरेच दिवस हे लिहायचं मनात होतं. गेल्या महिन्यात भाच्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो, त्यालाही माझ्यासारखंच निघालं, तेव्हापासून तर डोक्यातून जातच नाही.

माझं गाव गडहिंग्लज तालुक्यात. आमच्याकडे संकेश्वरी मिरची होते. ही मिरची झाडावरच पिकू द्यायची आणि पिकेल तशी तोडायची. थंडीत तोडा सुरू झाला की शाळा नसेल त्या दिवशी आम्ही पोरंही सरीला लागायचो. बायका दोन्ही हातांनी भराभर तोडत पुढे जायच्या. मी मागे. प्रत्येक झाडाशी वाकून, पानं बाजूला करून, एकेक मिरची बघत. तरी माझ्या बुट्टीत हिरव्या निघायच्या आणि मी सोडून आलेल्या सरीत लाल तशाच लोंबत असायच्या. वडील मागून यायचे आणि म्हणायचे, "डोळं फुटलं का रं तुझं? एवढी लालभडक मिरची दिसंना व्हय?"

मिरची दिसायची की. पानही दिसायचं. मला वाटायचं, सगळ्यांना एवढंच दिसतं, फक्त बाकीच्यांचं लक्ष असतं आणि माझं नसतं. मी धांदरट आहे, कामचुकार आहे, असं घरात सगळे म्हणत आणि मलाही ते पटलेलं होतं. हळूहळू मी माझी युक्ती काढली. पिकलेली मिरची बोटांत धरली की किंचित मऊ लागते, सालीचा ताठपणा गेलेला असतो. कच्ची कडक असते. मग मी डोळ्यांनी शोधायचं सोडून दिलं आणि हाताने चाचपून तोडायला लागलो. वेळ जास्त लागायचा, पण बुट्टीत हिरव्या येणं थांबलं. वडिलांना वाटलं, पोरगं सुधारलं.

22व्या वर्षी एका सरकारी भरतीत लेखी परीक्षा पास झालो. वैद्यकीय तपासणीला बोलावलं. वजन, उंची, छाती, सगळं झालं. मग एका टेबलाशी बसवून डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. पहिल्या पानावर 12. सांगितलं. दुसऱ्या पानावर 3. सांगितलं. डॉक्टर काही बोलले नाहीत, पान उलटलं. नंतरच्या काही पानांवर मला काहीच दिसेना. "नुसते ठिपके आहेत, सर," म्हटलं. पुढे एका पानावर मात्र आकडा मला लगेच दिसला आणि मी पटकन सांगून टाकला. तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "हा आकडा मला दिसत नाही. ज्यांना लाल-हिरवं नीट दिसत नाही त्यांनाच तो दिसतो." आणि दुसरं पान परत काढून म्हणाले, "इथे 3 नाही, 8 आहे."

नोकरी गेली. त्याचं वाईट वाटलंच. पण परत येताना एसटीत जे झालं ते जास्त लक्षात राहिलं. मे महिना होता. शेजारी बसलेल्या बाई खिडकीबाहेर बघून त्यांच्या मुलीला म्हणाल्या, "बघ गं, गुलमोहर कसा पेटलाय." मी बाहेर बघितलं. झाड होतं. 'गुलमोहर फुलला' हे वाक्य मी आयुष्यभर ऐकलं होतं, बोललो होतो, शाळेच्या निबंधात लिहिलं होतं. हिरवागार, लालचुटुक, पिवळाधमक हे सगळे शब्द मी बरोबर जागी वापरत होतो. कुंकू लाल, टोमॅटो लाल, गवत हिरवं, हे पाठ होतं. शब्द बरोबर पडत होते म्हणून कुणाला शंका आली नाही. मलाही नाही. 'पेटलाय' म्हणजे त्या बाईंना नक्की काय दिसत होतं, हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

तेव्हापासून मला एकच गोष्ट सतावते. मला जे माहीत नव्हतं त्याची जागा कुठे रिकामी दिसत नव्हती. तिथे दुसरं काहीतरी आधीच भरलेलं होतं. '8' नव्हता, पण '3' होता. रंग नव्हता, पण 'मी कामचुकार आहे' हे होतं. असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? आपल्याला काहीतरी कळत नाही, हेच कळलेलं नव्हतं, असं? आणि मग ते कळलं कसं?

मोरपंखी

वाचून बराच वेळ तशीच बसले. 'कामचुकार' शब्दाशी थांबले.

माझं तुमच्याइतकं मोठं नाही. मला सातवीत चष्मा लागला. त्याआधी आकाशात मला फक्त चंद्र माहीत होता. चांदण्या लुकलुकतात हे कवितेत असतं, तसं काही खरंच दिसतं असं वाटलंच नव्हतं. चष्मा आणला त्या रात्री दिवे गेले होते. गच्चीवर गेले आणि वर बघितलं. आईला हाक मारली आणि विचारलं, "हे रोज असतं?" आई आधी हसली आणि मग रडली.

नेत्रा

मी गेली 17 वर्षं दृष्टितपासणीच्या कामात आहे, म्हणून थोडं विस्ताराने लिहिते.

तुम्हाला दाखवलं ते इशिहारांचं पुस्तक. शिनोबू इशिहारा हे जपानी लष्करातले डॉक्टर, त्यांनी ही चाचणी 1917 साली प्रसिद्ध केली. 12चं पहिलं पान सगळ्यांनाच दिसतं, समोरच्याला चाचणी समजली आहे ना, एवढंच त्यातून बघायचं असतं. 8च्या जागी 3 वाचणं हे लाल-हिरव्या दोषाचं नेहमीचं लक्षण. आणि तुम्हाला दिसलेला, डॉक्टरांना न दिसलेला आकडा हाही चाचणीचाच भाग आहे. लाल-हिरव्यातला फरक डोळ्यांत भरतो म्हणून आम्हाला त्या पानावर नुसता गोंधळ दिसतो. तो फरक बाजूला झाला की खालचा दुसरा फरक वर येतो. त्या पानापुरते न दिसणारे आम्ही असतो.

आपल्या दृष्टिपटलावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. त्यांतल्या दोन प्रकारांची, म्हणजे लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. पुरुषाकडे एक्स एकच, त्यामुळे तिथे दोष असेल तर भरून काढायला दुसरं नसतं. बाईकडे दोन असतात. म्हणून तिला स्वतःला सहसा सगळे रंग दिसतात, पण मुलाला दोष जाऊ शकतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सुमारे 8 टक्के पुरुष आणि 0.5 टक्के स्त्रिया असं प्रमाण आढळतं.

आणि हे स्वतःला न कळणं अजिबात नवलाचं नाही. रसायनशास्त्रात अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांचंच बघा. 1766चा जन्म, आणि आपली दृष्टी वेगळी आहे हे कळलं 1792 साली, म्हणजे पंचविशी उलटल्यावर. जिरेनियमचं एक गुलाबी फूल त्यांना दिवसा आकाशी दिसायचं. एका संध्याकाळी मेणबत्तीच्या उजेडात बघितलं तर ते लालसर दिसलं. बाकीच्यांना विचारलं तर त्यांना दोन्ही वेळी फारसा फरक वाटत नव्हता. डाल्टनशी सहमत झाला तो फक्त त्यांचा सख्खा भाऊ. 1794 साली मँचेस्टरच्या एका विद्वत्सभेत त्यांनी यावर निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळसर असणार, असा त्यांचा तर्क होता. मेल्यावर डोळा उघडून बघा, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. 1844 साली ते गेले, डॉक्टरांनी डोळा कापून बघितला. द्रव स्वच्छ होता. तर्क चुकला. पण डोळा जपून ठेवला गेला आणि 1995 साली त्यातल्या डीएनएवरून कळलं की मध्यम तरंगलांबीच्या पेशींचं रंगद्रव्यच त्यांच्याकडे नव्हतं. उत्तर यायला दीडशे वर्षं लागली.

एक विचारू का? तुम्हालाही आहे आणि बहिणीच्या मुलालाही आहे, म्हणजे हे तुमच्या आईकडून आलेलं आहे. आईचे वडील कसे होते? त्यांच्याबद्दल काही आठवतं का?

लोको_काका

31 वर्षं इंजिनावर काढली. आधी असिस्टंट, मग मालगाडी, मग पॅसेंजर, शेवटी मेल-एक्सप्रेस. आमच्याकडे ए-वन मेडिकल असतं आणि रंगाच्या परीक्षेला काहीच सवलत नाही. ती का नाही हे तुम्हाला रागावून नाही सांगत आहे, पोटतिडकीने सांगतोय. रात्री पावसात समोर फक्त एक ठिपका असतो. त्याचा आकार कळत नाही, काही नाही. जो काय अर्थ आहे तो रंगात आहे.

ट्रेनिंगला एक गोष्ट ऐकली होती ती पुढे मी शोधून वाचली. 1875 साली स्वीडनमध्ये दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, नऊ माणसं गेली. होल्मग्रेन नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने सांगितलं की रेल्वेच्या माणसाला रंग कळत नसावेत. त्याने रंगीत लोकरीच्या लडी जुळवायची परीक्षा काढली आणि तिथून रेल्वेत रंगाची तपासणी रुजली. अलीकडच्या अभ्यासकांनी सगळे कागद पुन्हा तपासून त्या अपघाताच्या कारणाबद्दलच शंका घेतली आहे. परीक्षा मात्र योग्यच होती, असं माझं मत आहे.

पण तुमच्या मूळ प्रश्नावर सांगतो. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात की नुसत्या आपल्या डोळ्यांवर जायचं नाही. सिग्नल दिसला की एकाने मोठ्याने म्हणायचं आणि दुसऱ्याने स्वतः बघून तेच परत म्हणायचं. दुसऱ्याने नुसतं ऐकून 'हो' म्हटलं तर चालत नाही. धुक्यात तर सिग्नलच्या अलीकडे रुळावर फटाका लावतात, चाक गेलं की वाजतो. डोळ्यांना दिसेना तर कानांनी ऐका. तरुणपणी मला वाटायचं, एवढा लख्ख हिरवा दिसतोय, ओरडायचं कशाला? एका रात्री मी 'पिवळा' म्हणालो आणि शेजारून आवाज आला, 'लाल.' ब्रेक लावला. लालच होता. माझे डोळे उत्तम होते. वळणानंतर पिवळा असतो ही सवय झाली होती, आणि मी सवय बघत होतो.

अक्षरवेडा

उत्तम धागा. मला वाटतं, आपण सगळेच हिरण्यकेशीकाठ यांच्याच जागी आहोत. रंग वस्तूत असतो तरी कुठे? बाहेर फक्त तरंग आहेत, साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचे. लाल हे आपल्या आत घडतं. मधमाशीला लाल दिसत नाही पण अतिनील दिसतं, पक्ष्यांकडे रंगाच्या चार प्रकारच्या पेशी असतात. त्यांच्या मानाने आपण सगळेच आंधळे. आपल्याकडे हे फार पूर्वी सांगून झालंय. अंधारात दोरी पडलेली असते आणि माणसाला साप दिसतो. तो साप म्हणजे अज्ञान. ज्ञानेश्वरांनी तर अमृतानुभवातलं सगळ्यांत मोठं प्रकरण, सातवं, अज्ञानखंडनाला दिलं. ज्ञानाचा दिवा आला की अज्ञान उरतच नाही. मग ते होतं तरी कुठे?

हिरण्यकेशीकाठ

अक्षरवेडा, तुमचा अभ्यास मोठा आहे, आणि ज्ञानेश्वरांबद्दल बोलायची माझी पात्रता नाही. फक्त माझा अनुभव सांगतो. दोरी-सापाच्या दृष्टांतात दिवा आणला की साप जातो. माझ्या बाबतीत दिवा येऊन इतकी वर्षं झाली. पुस्तक बघितलं, कारण कळलं, आज तर नेत्राताईंनी गुणसूत्रासकट समजावलं. पण उद्या शेतात गेलो तर मिरची आणि पान मला तसंच दिसणार आहे. जाणून घेतल्याने दिसत नाही. जाणून घेतल्याने एवढंच होतं की मी थांबतो आणि हात पुढे करतो.

आणि 'आपण सगळेच आंधळे' हे वाचून मला थोडं लागलं. तसं म्हटलं की सगळं सारखं होऊन जातं. वडिलांना मिरची दिसत होती आणि मला दिसत नव्हती, एवढा फरक खरा होता. त्या फरकापायी मी लहानपणी बोलणी खाल्ली आहेत.

अक्षरवेडा

खरं आहे. घाईने सगळं एकात घातलं. 'जाणून घेतल्याने दिसत नाही' यावर विचार करतो.

फळा_आणि_खडू

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आठवीला दरवर्षी एक प्रयोग घेते, तो इथे सगळ्यांनी करून बघावा अशी विनंती.

कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा आणि तिच्या उजवीकडे 8 सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे बघत राहा आणि कागद हळूहळू जवळ आणा, लांब न्या. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होतो. डोळ्यातून मज्जातंतू जिथून बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. मॅरियट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात ही जागा शोधली. त्याआधी हजारो वर्षं माणसं या अंधबिंदूसकट जगत होती.

गेल्या वर्षी एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, ठिपका गेला. पण तिथे भोक पडलेलं दिसत नाही. कागदच दिसतो." वर्गात एकदम शांतता झाली. मग तिने आपण होऊन वहीचं रेघी पान घेतलं. म्हणाली, "बाई, रेघ तुटत नाही. रेघ पुढे जाते." ठिपका जिथे होता तिथे तिला रेघ दिसत होती. ती तिच्या डोळ्याने बघितलेली नव्हती, आजूबाजूवरून मेंदूने भरलेली होती.

तुमचं '8 नव्हता, पण 3 होता' वाचलं आणि ती मुलगी आठवली. मी 14 वर्षं हा प्रयोग घेते, पण मी मुलांना फक्त 'ठिपका गेला का' एवढंच विचारायचे. 'त्याच्या जागी काय दिसतं' हे त्या मुलीने विचारलं.

पदराचा_काठ

मी दादरला साडीच्या दुकानात काउंटरला आहे. तुमच्या उलट अनुभव सांगते.

लागले तेव्हा मला हिरवा म्हणजे हिरवा एवढंच कळायचं. शेठ म्हणायचे, "रामा काढ," मी पोपटी काढायची. "आमसुली काढ," मी वांगी रंगाची घडी उलगडायची. शेवाळी, मेंदी, रामा, मोरपंखी, पिस्ता, आणि चिंतामणी तर मला जांभळ्यातच वाटायचा. सहा-आठ महिन्यांत काय झालं ते मला सांगता यायचं नाही, पण डोळा बसला. आता गिऱ्हाईक ब्लाउजपीसचा चतकोर तुकडा घेऊन येतं आणि मी फडताळाकडे न वळता सांगते, तिसऱ्या खणात आहे. माझे डोळे तेच आहेत. मग आधी तो फरक दिसत होता की नव्हता? दिसत असणार, पण मी बघत नव्हते. नावं मिळाली तसे रंग वेगवेगळे झाले.

म्हणजे काही न दिसणं शिकून जातं आणि काही जात नाही. हिरण्यकेशीकाठ दादांचं जाणार नाही. पण कुठलं कुठल्या प्रकारचं आहे हे बाहेरून कसं ओळखायचं? दुकानात नवीन मुलगी आली आणि चुकली की मी पण पटकन बोलते, "लक्ष कुठंय तुझं?" आज हे वाचल्यावर ते शब्द मला टोचले.

शुभ्रकमळ

पदराचा काठ, नावांबद्दल तुम्ही म्हणता ते तपासून झालं आहे. रशियन भाषेत गडद निळ्याला आणि फिक्या निळ्याला दोन वेगळे मूळ शब्द आहेत, आपल्या 'निळा'सारखा दोघांना मिळून एक शब्द नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसलं की निळ्याच्या दोन छटा या सीमेच्या दोन बाजूंना असल्या तर रशियन बोलणाऱ्यांना त्या जरा लवकर वेगळ्या ओळखता येतात. इंग्रजी बोलणाऱ्यांत तो फरक आढळला नाही. फरक क्षणाच्याही छोट्या भागाचा आहे, पण आहे.

मी बॉस्टनजवळ राहते. इथल्या एमआयटीतले पवन सिन्हा यांनी भारतात 'प्रोजेक्ट प्रकाश' सुरू केला. उत्तर भारतातल्या खेड्यांमध्ये जन्मतःच मोतीबिंदू असलेली, कधीच शस्त्रक्रिया न झालेली मुलं त्यांच्या गटाने शोधली आणि त्यांचे डोळे बरे केले. त्यातून एका फार जुन्या प्रश्नाला उत्तर मिळालं. डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू यांनी 1688 साली तत्त्वज्ञ जॉन लॉक यांना पत्र लिहून विचारलं होतं: जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दिसायला लागलं तर हात न लावता, नुसतं बघून तो सांगू शकेल का, कुठला घन आणि कुठला गोल? मॉलिन्यू यांची पत्नी दृष्टी गमावलेली होती, हे कळल्यावर प्रश्न मला वेगळाच वाटू लागला.

2011 साली पवन सिन्हांच्या गटाने उत्तर दिलं. शस्त्रक्रियेनंतर लगेच 8 ते 17 वयाच्या पाच मुलांची चाचणी घेतली. हाताने ओळखलेली वस्तू त्यांना डोळ्यांनी ओळखता येईना, जवळजवळ अंदाजानेच सांगत होती. पण काही दिवसांतच जमायला लागलं. माझ्या डोक्यात ही मुलं सारखी येतात. पट्टी काढली, सगळं समोर आलं, आणि त्यातलं ओळखीचं काहीच नाही. वाटी हातात घेतली तर वाटी. पण ताटात ठेवलेली दिसते ती काय आहे?

कट_टू

धाग्यातल्या सगळ्यांसाठी एक माहिती, कारण अशा मुलांच्या आईबापांना हे कुणी सांगत नाही. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनाच्या अभ्यासक्रमासाठी निवडला गेलेला एक मुलगा रंगदोषामुळे नाकारला गेला होता. तो उच्च न्यायालयात हरला, सर्वोच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2022मध्ये निकाल लागला की रंग ओळखण्यात अडचण असलेल्यांना संस्थेने सगळ्याच अभ्यासक्रमांना प्रवेश द्यायला हवा. मी संकलक आहे. संकलन म्हणजे मुख्यतः कुठे कापायचं आणि किती थांबायचं याची समज. ती समज रंगांच्या तक्त्यात मोजता येत नाही. निकाल वाचला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

नेत्रा

धन्यवाद, कट टू. वाहन परवान्याचंही सांगते. सौम्य ते मध्यम रंगदोष असेल तर परवाना मिळावा यासाठी 2020 साली केंद्राने नियमात बदल केला. लोको काकांच्या कामाची गोष्ट वेगळी, तिथे मी त्यांच्याच बाजूने आहे. पण प्रत्येक दार एकाच चाचणीने बंद करू नये.

हिरण्यकेशीकाठ, तुमच्या आजोबांची वाट बघते आहे.

हिरण्यकेशीकाठ

दोन दिवस लिहिता आलं नाही, माफ करा. तुमच्या प्रश्नाने मी हललो आहे.

आईचं माहेर देवगडकडचं. आजोबांची हापूसची 30-35 कलमं होती. सुट्टीत गेलो की आंबे काढताना मी त्यांच्या मागे असायचो. झेल्याने आंबा उतरवला की ते त्याचे खांदे बोटांनी चाचपायचे, देठाजवळचा खड्डा बघायचे. पुढे पेंढ्याच्या अढीत आंबे घातले की तयार झालेला आंबा काढायला सगळे रंग बघत. आजोबा ओणवे होऊन वास घ्यायचे. मला म्हणायचे, "रंगाक काय बघतंस, वास घे." मला ते शिकवणं वाटायचं. जुनी माणसं, अनुभवाची गोष्ट.

आणि एक. वाळक्या पानांत बसलेलं फुरसं सगळ्यांच्या आधी त्यांना दिसायचं. गडी माणसं कलमाखाली पाय टाकायच्या आधी त्यांना विचारत. नेत्राताई, तुमचं ते 'खालचा फरक वर येतो' वाचलं आणि अंगावर काटा आला. तसंच असेल ना हे? तेच पान, जे फक्त आम्हाला वाचता येतं?

नेत्रा

असावं असं मलाही वाटतंय, पण म्हणूनच जपून लिहिते. रंगाच्या गोंधळात दडलेला आकार अशा व्यक्तींना कधीकधी लवकर सापडतो, असं प्रयोगात दिसलेलं आहे. पण तुमचे आजोबा जन्मभर त्या जमिनीवर वावरले. फुरसं कुठे बसतं, कुठल्या वेळी बसतं, हे त्यांना पाठ असणार. त्यांची चाचणी कधी झालेली नाही. तुमच्या कुळीवरून ते तसे असण्याची शक्यता मोठी आहे. पण हा दोष तुमच्या आजीकडूनही तुमच्या आईकडे आलेला असू शकतो. आईला विचारून बघा. आंब्यांबद्दल नको, तिथे सगळेच वास घेतात. जिथे रंगाशिवाय भागत नाही असं काहीतरी आठवतं का, ते विचारा.

लोको_काका

नेत्राताईंनी योग्य केलं. दुसऱ्याने स्वतः बघून म्हणायचं.

हिरण्यकेशीकाठ

काल रात्री आईशी बोललो. आई आता 71ची आहे. सगळं समजावून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "जास्वंद."

आजोबांच्या घरामागे जास्वंदीचं झाड होतं, तांबड्या फुलांचं. रोज पहाटे देवासाठी फुलं आणायची. आजोबा आईला झोपेतून उठवून सोबत न्यायचे. ती चार-पाच वर्षांची असल्यापासून लग्न होऊन जाईपर्यंत. परडी आजोबा धरायचे, फुलं आई तोडायची. तिने विचारलं होतं एकदा, बाबा तुम्ही का नाही तोडत? तर म्हणाले, "तुझो हात देवाक आवडता." भावांना कधी नेलं नाही, तिलाच न्यायचे. आई म्हणाली, "आयुष्यात मला कुणी दिलेली ती सगळ्यांत मोठी गोष्ट होती. सासरी त्रास झाला की मी ते वाक्य मनात म्हणायचे."

फोनवर मी गप्प झालो. मला वाटलं, मी हे काय करून बसलो. तिच्याकडचं एवढं एकच काढून घेतलं आणि त्याच्या जागी गुणसूत्र ठेवलं. सॉरी आई, असं काहीतरी म्हणालो.

ती म्हणाली, "थांब. तू म्हणतोस त्यांना पानांत तांबडी फुलं दिसत नव्हती, म्हणून मला नेत होते. असेल. पण जास्वंदीच्या बाजूला तगर होती. पांढरीशुभ्र. अंधारातसुद्धा दिसायची. ती पण मीच तोडायचे."